1897 साली टिळकांना बेल देणारे जस्टिस बद्रुद्दीन तय्यबजी नक्की कोण होते?

प्रश्न असा आहे की टिळकांना 1897 च्या राजद्रोह खटल्यात जामीन देणारे तय्यबजी कोण, आणि त्यांना इंग्रजांचा माणूस म्हणायचं की राष्ट्रीय मुसलमान. सोबत असंही विचारलंय की टिळकांशी त्यांची आतून काही ओळखदेख होती का, म्हणून बेल दिली का.

मी हायकोर्टात सव्वीस-सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, त्यामुळे उत्तर वकिली अंगानेच येणार. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आधी बेलचंच बघू कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी म्हणजे 15 जूनच्या केसरीत शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांची हकीगत छापून आली होती, त्यात अफजलखानाला मारलं ते पाप होतं का, हा विषय होता. इंग्रजी पेपरांनी ह्याचा धागा त्या गोळ्यांशी जोडला, 27 जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली, कलम 124अ म्हणजे राजद्रोह. त्याच सुमारास पुण्याच्या नातू बंधूंना तर खटलाच न चालवता स्थानबद्ध करून टाकलं होतं, म्हणजे हवा काय होती बघा. दुसऱ्या दिवशी प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट स्लेटर यांनी बेल नाकारली. 29 ला हायकोर्टात अर्ज गेला, तो पण नाकारला गेला.

आता गंमत ऐका. हा दुसरा अर्ज ज्या बेंचने नाकारला त्यात जस्टिस पार्सन्स होते आणि दुसरे होते जस्टिस महादेव गोविंद रानडे. हो, तेच आपले रानडे. मी हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मीच नाकारली. मग 2 ऑगस्टला केस सेशन्सला कमिट झाली, म्हणजे मॅजिस्ट्रेटने ती खटल्यासाठी हायकोर्टाकडे पाठवली, आणि 4 ऑगस्टला बॅरिस्टर दिनशा दावर यांनी परत अर्ज केला तो तय्यबजींसमोर, कारण त्या वेळी क्रिमिनल सेशन्स त्यांच्याकडे होतं. त्यांनी बेल दिली. पन्नास हजारांचा जातमुचलका आणि पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन जामीनदार. 1897 चे पन्नास हजार बरं का! त्यातले एक जामीनदार मिलमालक द्वारकादास धरमसी.

तर पुण्याच्या ब्राह्मण जजने नाकारली आणि मुंबईच्या बोहरी मुसलमान जजने दिली, तीसुद्धा अफजलखानाच्या वधावरच्या लेखासाठी. जात-धर्म लावून जे लोक निकाल वाचतात त्यांची इथे पंचाईत होते. पण वकिलाला ह्यात काहीच गूढ दिसत नाही. 29 तारखेला तपास चालू होता, मॅजिस्ट्रेटसमोरचं काम व्हायचं होतं, आणि रानडे-पार्सन्स बेंचने नाकारताना परत अर्ज करायची मुभा ठेवली होती. 4 तारखेला केस कमिट झालेली, पुरावा म्हणजे छापील पेपर, तो सरकारच्या ताब्यात, त्यात आरोपी काय ढवळाढवळ करणार? आम्ही रोज कोर्टात ज्याला 'चेंज इन सर्कमस्टन्सेस' म्हणतो ते हेच. आज आम्ही असा अर्ज बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) 483 खाली करतो, 2024 पर्यंत जुन्या सीआरपीसीचं 439 होतं, तेव्हा 1882 च्या कोडात 498 होतं. नंबर बदलले, भांडण तेच आहे.

तय्यबजींचं म्हणणं थोडक्यात असं होतं की बेलच्या वेळी बघायचं ते एवढंच, की आरोपी खटल्याला हजर राहील का. हा माणूस पळून जाईल असं काही दिसत नाही. बचावाची तयारी करायला त्याला वकिलांना भेटावं लागणार, आणि महिनाभर आत ठेवून शेवटी ज्युरीने निर्दोष म्हटलं तर त्या महिन्याचं काय करायचं. लेख चांगला की वाईट, शिवाजी-अफजलखान, राजद्रोह झाला की नाही, ह्यातल्या एकाही गोष्टीला हात लावला नाही. माझ्या मते त्या ऑर्डरचं मोठेपण तिथेच आहे. बाहेर इंग्रजी पेपर खवळलेले, प्लेगचं वर्ष, एक अधिकारी मेलेला आणि दुसरा हॉस्पिटलमध्ये जाऊन मेलेला, अशा वेळी आपल्यासमोर जेवढा प्रश्न आहे तेवढ्याचंच उत्तर द्यायचं हे बोलायला सोपं आहे. मी भल्याभल्यांना त्यात घसरताना बघितलंय.

(पुढचं माहिती असेलच, सप्टेंबरात जस्टिस स्ट्रॅची समोर खटला चालला, नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी म्हणजे भारतीय, निकाल सहा विरुद्ध तीन, अठरा महिने सक्तमजुरी.)

ओळखदेख होती का, तर मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक जीवनात सगळे एकमेकांना ओळखायचेच. पण राजकारणाने बघाल तर तय्यबजी पक्के फिरोजशहा मेहता-रानडे वळणाचे, सनदशीर, अर्ज-विनंत्या-ठराववाले. टिळकांचा रस्ता त्यांना पटणारा नव्हता. म्हणजे ज्याचं राजकारण पटत नाही त्याला बेल दिली, हे लक्षात ठेवा.

आता माणूस कोण ते बघू. जन्म 10 ऑक्टोबर 1844, मुंबई. सुलेमानी बोहरा, म्हणजे दाऊदी बोहऱ्यांपेक्षा वेगळी आणि खूप लहान जमात. वडील मुल्ला तय्यबअली, मूळ गुजरातेतल्या खंबायतचे, मुंबईत व्यापारात वर आलेले. ह्या बाबाने त्या काळी एक एक करून आपल्या मुलांना शिकायला विलायतेला पाठवलं, जेव्हा हिंदू घरात समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त आणि मुसलमान घरात इंग्रजी शाळा म्हणजे पोरगं हातचं गेलं असा समज होता. थोरला भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर झाला, हिंदी लोकांतला पहिला. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, मग डोळ्याच्या दुखण्यासाठी फ्रान्स, आणि 1860 मध्ये लंडन. बॅरिस्टर व्हायला मिडल टेंपल या संस्थेत नाव घातलं आणि डोळ्यांनी दगा दिला, शिक्षण अर्धवट टाकून 1864 च्या शेवटी मुंबईला परत यावं लागलं. वर्षभराने परत गेले आणि एप्रिल 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. डोळे अधू आणि धंदा दिवसभर कागद वाचायचा, जरा विचार करून बघा.

डिसेंबर 1867 ला ते मुंबईला आले, हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर. आता हे 'पहिले' म्हणजे नक्की काय ते बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. मुंबई हायकोर्टाच्या दोन बाजू, अपेलेट साइड (अपिलांची) आणि ओरिजिनल साइड. अपेलेटला आपले वकील लोक होतेच. ओरिजिनल साइड म्हणजे शहरातले मोठे व्यापारी दावे, जहाजं, कापूस, ट्रस्ट, वारसा, तिथला पैसा मोठा आणि ती सगळी गोऱ्या बॅरिस्टरांची मक्तेदारी. तिथे पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नाही, सॉलिसिटरमार्फत ब्रीफ म्हणजे केसचं काम जायचं. आणि सॉलिसिटर पण बहुतेक गोरेच. त्यामुळे नवा हिंदी बॅरिस्टर कितीही हुशार असला तरी ब्रीफच आलं नाही तर करणार काय, लायब्ररीत बसून माशा मारणार. तय्यबजींच्या घरातच सॉलिसिटर होता हा मोठा फायदा, तो नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या धंद्यात आजही पहिली पाच वर्षं कोणाच्या चेंबरच्या आधाराने काढली ह्यावर बरंच ठरतं. पण भाऊ पहिली काही ब्रीफं देऊ शकतो, जजला पटवून देऊ शकत नाही. गांधीजी 1892 च्या सुमारास मुंबईत वकिली जमवायला धडपडत होते तेव्हा त्यांना मित्राकडून ऐकायला मिळायचं की फिरोजशहांना एव्हिडन्स ॲक्ट (पुराव्याचा कायदा) तोंडपाठ आहे आणि बद्रुद्दीन यांच्या युक्तिवादाने जजसुद्धा दबकून असतात, हे त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. त्याने धीर यायच्या ऐवजी त्यांचा होता नव्हता तो पण गेला असणार.

सुरुवातीला कोर्ट आताच्या इमारतीत नव्हतं, अपोलो स्ट्रीटवर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंगमध्ये होतं. आताची दगडी इमारत 1878 ला झाली. हा माणूस दोन्हीकडे उभा राहिला आणि 1895 मध्ये त्याच इमारतीत जज म्हणून बसला, मुंबई हायकोर्टाचा पहिला मुसलमान जज. 1902 मध्ये काही काळ चीफ जस्टिसचं कामही बघितलं, हंगामी का होईना पण हिंदी माणूस त्या खुर्चीत बसला.

ह्या मधल्या काळात राजकारण. 1873 ला मुंबई म्युनिसिपालिटी, 1882 ला मुंबईचं लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, तब्येतीमुळे 1886 ला राजीनामा. 1883 मध्ये इल्बर्ट बिलावरून गोरे लोक चवताळले होते (हिंदी मॅजिस्ट्रेटने गोऱ्याचा खटला चालवायचा म्हणजे काय), तेव्हा टाऊन हॉलच्या सभेत मेहता, तेलंग आणि तय्यबजी हे तिघे बोलले. एक पारशी, एक मराठी सारस्वत आणि एक बोहरी, तिघेही हायकोर्टातले वकील. 1885 ला ह्याच तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. त्याच वर्षी डिसेंबरात गोवालिया टँकला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, 72 प्रतिनिधी, त्यात मुसलमान दोन. तय्यबजी बंधू त्यात नव्हते, त्यावरून लगेच आवई उठली की मुसलमानांनी बहिष्कार टाकला. तय्यबजींनी जाहीर सांगितलं की बाबांनो आम्ही त्या वेळी मुंबईत नव्हतो, बहिष्कार कसला.

1887 ला मद्रासला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तिसरे अध्यक्ष, पहिले मुसलमान. सहाशेच्या वर प्रतिनिधी होते, गव्हर्नर लॉर्ड कॉनेमारा यांनी प्रतिनिधींना पार्टी पण दिली, अजून सरकारचं आणि काँग्रेसचं फाटलं नव्हतं. भाषणाचा गाभा एवढाच की जे प्रश्न सगळ्या हिंदुस्थानचे आहेत त्यावर मुसलमानांनी बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून काम का करू नये, ते मला कळत नाही. आणि अगदी त्याच दिवसांत, 28 डिसेंबरला, लखनौमध्ये सर सय्यद अहमद खान भाषण करत होते की मुसलमानांनी ह्या काँग्रेसपासून लांब राहावं.

मग सुरू झाला पत्रव्यवहार, आणि तय्यबजी कळायचे असतील तर भाषणं सोडा, तो वाचा. सर सय्यद विचारतात, नॅशनल काँग्रेस म्हणजे काय हो, वेगवेगळ्या जाती-धर्माचे लोक एक राष्ट्र कसं होतं ते मला समजत नाही. फेब्रुवारी 1888 मध्ये तय्यबजी उत्तर देतात. ते 'एक राष्ट्र आहोतच' असं छातीठोक सांगत बसत नाहीत. ते म्हणतात, समाज वेगवेगळे आहेत, प्रत्येकाचे स्वतःचे प्रश्न आहेत ते त्याने स्वतः सोडवावेत, पण काही प्रश्न सगळ्यांचे एकच आहेत, तेवढ्यापुरतं एकत्र यायला हरकत काय. आणि हिंदूंच्या हाताखाली मुसलमानांना घालणारी काही गोष्ट तिथे आली तर मी स्वतः विरोध करीन, पण त्यासाठी आत असलं पाहिजे.

ओळखीचं वाटतं का? आम्हा वकिलांना लगेच वाटतं. ह्या सरळसरळ कन्सेंट टर्म्स आहेत. दोन पार्ट्यांचं सगळ्याच बाबतीत जमणार नसतं, मग जेवढं जमतं तेवढं कागदावर आणायचं, बाकीचे मुद्दे ओपन ठेवायचे, 'विदाऊट प्रेज्युडिस'. पुढचं पाऊल पण तसंच. 1888 च्या अलाहाबाद काँग्रेसमध्ये त्यांच्या आग्रहाने ठराव झाला की ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखाने किंवा जवळपास एकमुखाने विरोध असेल तो विषय चर्चेला घ्यायचाच नाही. म्हणजे व्हेटो झाला. आज कोणी म्हणेल हे काय लाड, कोणी म्हणेल केवढी दूरदृष्टी, मला ते एका अनुभवी बॅरिस्टरचं ड्राफ्टिंग वाटतं, समोरची पार्टी कोर्ट सोडून निघून जाऊ नये म्हणून घातलेला क्लॉज.

पण पार्टी थांबली नाही. सर सय्यद हटले नाहीत, कलकत्त्याचे मुस्लिम पुढारी सय्यद अमीर अली पण बाहेरच राहिले. आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी त्यांच्यावर प्रेम करणारे लोक सहसा सांगत नाहीत. ऑक्टोबर 1888 मध्ये तय्यबजींनी काँग्रेस उभी करणाऱ्या ॲलन ह्यूमना पत्र लिहिलं की मुसलमानांतला फार मोठा भाग चळवळीच्या विरोधात गेलाय हे मान्य करावं लागेल, मग तिला राष्ट्रीय कसं म्हणायचं, तेव्हा अलाहाबादचं अधिवेशन झालं की निदान पाच वर्षं काँग्रेस थांबवा. काँग्रेसच्या माजी अध्यक्षाने, अध्यक्षपद सोडून वर्षही झालेलं नसताना! ह्यूमनी अर्थातच ऐकलं नाही. मला विचाराल तर हा त्यांचा चुकीचा सल्ला होता, मॅटर ॲडजर्न करून पार्टी शांत होत नाही, उलट हट्टाला पेटते. पण तो घाबरटपणा नव्हता. स्वतः इंग्रजांना खूश करायचं असतं तर अध्यक्षच झाले नसते. ज्या बाजूने आपण उभे आहोत त्या बाजूची केस कच्ची आहे हे सीनियर वकील आपल्याच अशिलाला चेंबरमध्ये बसवून सांगतो, तसलं ते पत्र आहे.

जज झाल्यावर त्यांनी राजकारण बंद केलं. 1896 ला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून आले आणि आधी रानडे, मग तय्यबजी असे भेटले, तर दोघांनी एकच सांगितलं, आमची सहानुभूती आहे पण आम्हाला भाग घेता येत नाही, तुम्ही फिरोजशहांना भेटा.

त्यांचं सगळ्यात टिकलेलं काम माझ्या मते शाळेचं आहे. 1874 मध्ये भाऊ कमरुद्दीन, नाखुदा रोघे आणि अजून काही लोकांबरोबर अंजुमन-ए-इस्लाम काढली. मुसलमान मुलांनी इंग्रजी शिकलं नाही तर नोकऱ्यांत, कोर्टात, कौन्सिलात कुठेच दिसणार नाहीत हा सरळ हिशोब होता, आणि 1880 ला शाळा सुरू झाली. नुसत्या मुलांवर थांबले नाहीत. स्वतःच्या मुलींना शिकवलं, 1904 मध्ये दोघींना इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत धाडलं. त्याच्या आधी 1903 ला मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेत अध्यक्षपदावरून पडद्याच्या विरुद्ध बोलले, समोर कोण बसलंय ते माहिती असून. घरात तर वडिलांच्या वेळेपासूनच गुजराती सोडून उर्दू बोलायची असं ठरलेलं होतं, आणि कुटुंबातल्या बायका-पोरांसकट सगळ्यांनी लिहायच्या वह्या असायच्या, 'अखबार' म्हणायचे त्याला, आज कोण आलं, कोण आजारी, काय वाचलं. आमच्या घरी किराणाची वही सोडून दुसरं काही कोणी लिहिलेलं मला आठवत नाही.

ऑगस्ट 1906 मध्ये रजेवर लंडनला असताना हार्ट अटॅकने गेले, वय 61. नाव मात्र कोर्टात रोज निघतं, फक्त ते ह्यांचं नसतं. मुस्लिम लॉ च्या मॅटरमध्ये 'तय्यबजी काय म्हणतो बघ' असं ज्युनियरला सांगतात ते मुलगा फैज तय्यबजी यांचं पुस्तक, ते पण नंतर जज होते. त्याच गोतावळ्यातले आसफ फैझी, त्यांचं पुस्तक शेजारच्या फळीवर. तिसरं नाव मुल्ला, त्यांना मात्र कोणी मौलवी समजू नका, दिनशा मुल्ला पारशी होते. आणि पुतण्या अब्बास तय्यबजी, बडोद्याचे जज, 1930 ला गांधीजींना पकडल्यावर म्हातारपणी मिठाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व करत तुरुंगात गेले.

आता त्या बेल ऑर्डरचं पुढे काय झालं ते सांगून संपवतो. जुलै 1908, टिळकांवर परत राजद्रोह, परत बेलचा अर्ज. या वेळी उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि हातात मुख्य आधार तय्यबजींची 1897 ची ऑर्डर. समोर जज कोण, तर जस्टिस दिनशा दावर. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ज्या वकिलाने स्वतः उभं राहून ती ऑर्डर मिळवली होती त्यालाच ती वाचून दाखवायची वेळ आली. दावरांनी बेल नाकारली, पुढे सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा पण त्यांनीच दिली.

ते कोर्ट म्हणजे आताचं 46 नंबर, सेंट्रल कोर्ट. बाहेर टिळकांचं 1908 चं वाक्य कोरलेली पाटी आहे. बघायला यायचं असेल तर गेटवर ओळखपत्र दाखवून पास काढावा लागतो, लंच टाइममध्ये या म्हणजे आत जरा मोकळं असतं. आणि येताना सीएसएमटीला उतरलात तर समोरच अंजुमनची जुनी दगडी इमारत आहे, शाळा अजून चालू आहे, दुपारी सुटली की फुटपाथवर चालायला जागा राहत नाही.